स्वीडनमधल्या लाकडी स्टूगाची मांडणी आणि ऋतूंची सजावट: पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शन

स्टॉकहोमच्या नैऋत्येला, सॉर्मलंड प्रांतात, जंगलाच्या कडेला असलेले ४२ चौरस मीटरचे एक लाल लाकडी घर आम्ही चार वर्षांपूर्वी विकत घेतले. सुट्टीत राहण्याच्या अशा लहान घराला इकडे ‘स्टूगा’ म्हणतात. खोल्या दोन, स्वयंपाकघर एक, माळा एक, आणि उंदीर किती ते पहिल्या हिवाळ्यानंतर कळले. घर ताब्यात आले तेव्हा माझ्या डोक्यात मासिकांतले चित्र पक्के बसलेले होते: पांढऱ्याशुभ्र भिंती, मेंढीचे कातडे टाकलेली खुर्ची आणि खिडकीत जळणारी मेणबत्ती. ते चित्र उभे करण्यासाठी मी पहिल्याच महिन्यात गाडीभर सामान आणले आणि त्यातले निम्मे दुसऱ्या वर्षी लोकांना वाटून टाकले.

चूक सामानात नव्हती, क्रमात होती. घर कोरडे आणि सुरक्षित झाल्याशिवाय त्यात काहीही शोभत नाही, उजेडाची व्यवस्था झाल्याशिवाय रंग ठरवता येत नाही आणि जमीन तयार झाल्याशिवाय फर्निचर मांडता येत नाही. ऋतूंची सजावट तर या सगळ्यानंतर येते. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. आपण स्टूगा विकत घेतली असेल, वर्षभरासाठी भाड्याने घेतली असेल किंवा शहरातल्या कोलोनी-बागेतले, म्हणजे संघटनेच्या आवारातल्या लहान बागतुकड्यावरचे छोटे घर घेतले असेल, तरी क्रम हाच राहील.

शब्दांबाबत एक सूचना आधीच देते, कारण इथले शब्द मराठी कानाला हटकून फसवतात. धुराडे साफ करणाऱ्याला स्वीडिशमध्ये ‘सूतारे’ म्हणतात, चिंध्यांपासून विणलेल्या पट्टीला ‘त्रासमात्ता’ म्हणतात आणि जमीन घासण्याच्या मऊ साबणाला ‘सोपा’ म्हणतात. म्हणजे सूतारे लाकडाला हातही लावत नाही, त्रास पायाखाली मऊ लागतो आणि सोपा वापरून जमीन घासणे हे काम मुळीच सोपे नाही. जगभर गाजलेला ‘ह्युगे’ हा शब्द डेन्मार्क-नॉर्वेचा आहे; स्वीडनमध्ये उबदार निवांतपणासाठी ‘म्यूस’ म्हणतात.

## १. कागद आणि हत्यारे जमवा

पडद्याचे कापड पाहण्याआधी पुढील कागद एका फाईलमध्ये लावून ठेवावेत:

- मालकीच्या नोंदणीचा दाखला (‘लागफार्त’), किंवा भाड्याचे घर असल्यास करार आणि रंगकामाला मालकाची लेखी परवानगी
- खरेदीच्या वेळचा घरतपासणी अहवाल
- धुराडे व चुलीच्या अग्निसुरक्षा तपासणीचा शेवटचा अहवाल
- सुट्टीच्या घराचा स्वतंत्र विमा. शहरातल्या घराचा विमा या घराला आपोआप लागू होईल असे धरून चालू नये
- कोलोनी-बाग असल्यास तिथल्या संघटनेचे नियम, कारण बाहेरचा रंग आणि बांधकाम त्या नियमांत येते
- कारागिरांची बिले, मजुरी आणि साहित्य वेगळे दाखवलेली

शेवटचा मुद्दा पैशाचा आहे. स्वतःच्या मालकीच्या घराच्या दुरुस्तीत मजुरीवर ‘रूत’ नावाची करसवलत मिळते. तिचा मूळ दर मजुरीच्या ३० टक्के आहे, ती सुट्टीच्या घरालाही लागू होते आणि साहित्यावर मिळत नाही. कारागिराला काम देण्यापूर्वीच बिल त्या पद्धतीने होईल ना, हे विचारून घ्यावे.

हत्यारांत फार काही लागत नाही: लाकडातील ओलावा मोजणारे यंत्र, प्रत्येक मजल्यावर धुराची सूचना देणारा अलार्म, चूल असल्यास कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, आग विझवण्याचे सिलिंडर व ब्लँकेट, राठ केसांचा ब्रश आणि घट्ट झाकणाची पत्र्याची बादली. ही बादली कशासाठी, ते चौथ्या पायरीत येईल.

## २. घर कोरडे करा आणि चुलीची ओळख करून घ्या

पहिल्या भेटीत नाकाचा उपयोग करावा. महिनोन्महिने बंद असलेल्या घराला थोडा कुबट वास येतोच, पण दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवून आणि घर गरम करूनही तो गेला नाही, तर जमिनीखालची पोकळी आणि माळ्याचे कोपरे तपासावेत. वास झाकण्यासाठी सुगंधी मेणबत्त्या लावणे हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे.

जुन्या घरांच्या खिडक्या दुहेरी असतात. आतली तावदाने वसंत ऋतूत काढून ठेवतात आणि शरद ऋतूत पुन्हा बसवतात. थंडी लागते म्हणून मी पहिल्या वर्षी बाहेरच्या तावदानांच्या फटी रबरी पट्टीने बंद केल्या आणि डिसेंबरात दोन काचांच्या मधोमध बर्फाची नक्षी उगवली. नियम नेमका उलटा आहे: आतली चौकट घट्ट बंद हवी, म्हणजे घरातली दमट हवा मधल्या जागेत शिरत नाही, आणि बाहेरची चौकट थोडी श्वास घेणारी हवी, म्हणजे शिरलेला ओलावा निघून जातो. आतल्या फटींवर कागदी चिकटपट्टी लावण्याची रीत अजून चालू आहे. दोन काचांच्या मध्ये तळाशी कापसाची वळी ठेवून तिच्यावर वाळलेली फुले मांडतात, ती मुळात ओलावा शोषण्यासाठी. शोभा मागाहून आली. हिवाळ्यातली सर्वांत स्वस्त सजावट हीच.

आता चूल. स्टूगात बहुधा लोखंडी चूल किंवा फरशांची उंच शेगडी असते. तिला ‘काकेलुन’ म्हणतात. धूर सरळ वर न जाता विटांच्या आतल्या वाटांमधून खाली-वर फिरावा, म्हणजे उष्णता विटांत साठून तासन्‌तास बाहेर पडत राहील, ही तिची रचना १७६७ मध्ये कार्ल योहान क्रॉनस्टेट आणि फाबियान व्रेदे यांनी सुधारली. त्यामुळे ती दिवसभर धगधगत ठेवण्याची गरज नसते. सकाळी एकदा नीट पेटवली की संध्याकाळपर्यंत ऊब टिकते.

तपासणीचा ताजा अहवाल हाती असल्याशिवाय ती पेटवू नये. धुराडे साफ करण्याची आणि तपासण्याची व्यवस्था नगरपालिका लावून देते, आणि नवी चूल बसवायची असल्यास आधी नगरपालिकेला कळवावे लागते. आमच्याकडे आलेल्या सूतारेने आरसा आणि दिवा घेऊन दहा मिनिटे धुराड्यात डोकावून पाहिले आणि विटांमधला तडा दाखवला. त्या हिवाळ्यात आम्ही विजेच्या हीटरवर भागवले.

सरपण बर्चचे घ्यावे. हा वृक्ष आपल्या हिमालयातल्या भूर्जाचा भाऊबंद आहे आणि त्याची साल काडीसरशी पेट घेते. लाकडाचा ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. ओले लाकूड धूर करते आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचवते. नवख्यांची सर्वांत घातक चूक पुढची आहे: ऊब निघून जाऊ नये म्हणून निखारे लाल असतानाच धुराड्याची झडप बंद करणे. त्यातून कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो, आणि त्याला ना वास असतो ना रंग.

## ३. उजेड ठरवा, बाकी सगळे त्याच्यावर अवलंबून आहे

डिसेंबरअखेरीस स्टॉकहोम परिसरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो आणि दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. जूनमध्ये तोच दिवस साडेअठरा तासांचा होतो. या दोन टोकांसाठी एकच घर सजवायचे आहे, हे लक्षात ठेवले की इथल्या लोकांच्या अनेक सवयींचा अर्थ लागतो.

आपल्याला छताच्या मधोमध एक झगझगीत दिवा लावण्याची सवय असते. सांगलीच्या आमच्या घरात एका ट्यूबलाइटवर पूर्ण बैठकीची खोली चालत असे, आणि तो उजेड स्वच्छ, घरंदाज वाटे. स्टूगात तोच प्रयोग केला, तर लाकडी भिंती दवाखान्यासारख्या दिसू लागतात आणि खिडकीच्या काळ्या काचेत आपलेच प्रतिबिंब डोळे वटारून पाहते. त्यामुळे छताचा दिवा फक्त झाडलोटीपुरता ठेवावा आणि एका खोलीत उजेडाच्या साधारण ५ ते ७ लहान जागा कराव्यात: प्रत्येक खिडकीच्या कट्ट्यावर छोटा दिवा, खुर्चीमागे वाचायचा दिवा, ओट्यावर एक, कोपऱ्यातल्या फडताळावर एक. जेवणाच्या टेबलावर टांगलेला दिवा टेबलापासून ५५ ते ६० सेंटिमीटर उंच असावा. त्याहून वर गेला की तो डोळ्यांत येतो. बल्ब २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे घ्यावेत आणि घरभर एकाच छटेचे असावेत.

खिडकीतल्या दिव्याबद्दल थोडे अधिक लिहिते. सुरुवातीला मला वाटे की हे लोक दिवे लावून पडदे उघडे का ठेवतात. नोव्हेंबरात एकदा बस चुकली आणि स्टेशनपासून स्टूगापर्यंत अडीच किलोमीटर चालावे लागले. रस्त्यावर दिवे नव्हते, पाऊस होता, आणि वळणावळणावर कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीत एक बुटका दिवा दिसत होता. तो दिवा आतल्या माणसाइतकाच बाहेरच्यासाठीही असतो. त्यामुळे जाड पडदे लावू नयेत; वरून हातभर झालर आणि बाजूंना पातळ सुती किंवा लिननचे पट्टे एवढे पुरते. शयनगृहात मात्र काळा रोलर पडदा हवाच, नाहीतर जूनमध्ये पहाटे साडेतीनला ऊन तोंडावर येते.

दोन सापळे. पहिला: भिंतीतल्या कायम वायरिंगला स्वतः हात लावणे इथे कायद्याने मना आहे, ते नोंदणीकृत वीज-कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते. दुसरा आपल्याच लोकांसाठी: भारतातून आणलेले दिवे आणि आकाशकंदील यांचे होल्डर बहुधा खटक्याच्या, दोन खिळ्यांच्या बल्बचे असतात, आणि इथे सर्वत्र आट्यांचे बल्ब मिळतात. व्होल्टेज दोन्हीकडे २३० असल्याने नुसता अडॅप्टर लावून काम भागेल असे वाटते, पण बल्बच मिळत नाही. कंदील आणावा, वायर-होल्डर मात्र इथलेच घ्यावे.

## ४. भिंती आणि जमीन

सर्व काही पांढरे म्हणजे स्कँडिनेव्हियन, हा समज आधी सोडून द्यावा. चित्रकार कार्ल लार्सन आणि कारिन लार्सन यांना १८८८ मध्ये कारिनच्या वडिलांकडून मिळालेले, दालार्ना प्रांतातल्या सुंदबॉर्न गावातले घर आज संग्रहालय म्हणून पाहता येते. स्वीडिश घराची कल्पना ज्या घरावरून जगभर गेली, त्याच्या जेवणघराचा रंग लाल आणि हिरवा आहे. कारिनने स्वतः विणलेल्या कापडांतही रंगांची कंजुषी नाही. पांढरा रंग उजेड वाढवतो हे खरे, पण उत्तरेकडे तोंड असलेल्या खोलीत तो राखाडी आणि थंड दिसतो. तिथे फिकट पिवळा किंवा उबदार करडा बरा.

पहिल्या उन्हाळ्यात रंगाचा डबा उघडूच नये. चारही ऋतूंत भिंत कशी दिसते ते पाहावे आणि जुना रंग कशाचा आहे ते ओळखावे. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे तो कोरडा घासून धूळ उडवू नये. स्वयंपाकघरातल्या जुन्या प्लास्टिकच्या फरशीत किंवा तिच्या डिंकात ऍस्बेस्टॉस असू शकते. स्वीडनमध्ये त्यावर १९८२ पासून बंदी आहे, पण त्याआधीची फरशी तपासून घेतल्याशिवाय उखडू नये.

जुन्या लाकडाला जवसाच्या तेलाचा रंग मानवतो, कारण तो लाकडाबरोबर हलतो आणि प्लास्टिक रंगासारखा ओलावा कोंडत नाही. तो अगदी पातळ हातांनी लावावा आणि दोन हातांमध्ये काही दिवस जाऊ द्यावेत. जाड लावला तर सायीसारख्या सुरकुत्या पडतात. पांढरा जवसाचा रंग अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात पुन्हा उजळतो. कपाटामागची भिंत फेब्रुवारीत पिवळी दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

आता त्या बादलीचे. जवसाचे तेल लागलेली फडकी चुरगाळून टाकली, तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, आणि घडीत अडकलेली उष्णता वाढत जाते. फडकी लगेच पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत ठेवावीत किंवा बाहेर मोकळी पसरून पूर्ण वाळू द्यावीत. ही गोष्ट डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेली असते आणि स्वीडिश न येणारा नवखा माणूस ती वाचत नाही.

बाहेरचा लाल रंग हा वेगळा विषय आहे, पण एक इशारा आवश्यक आहे. तो फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीचा रंग. १७६४ पासून तो व्यापारासाठी तयार होतो. खाण १९९२ मध्ये बंद झाली, २००१ मध्ये जागतिक वारसा ठरली आणि रंग मात्र अजून बनतो. पाणी, पीठ, लोहाचे क्षार आणि थोडे जवसाचे तेल घालून शिजवलेला हा रंग न रंधलेल्या, खरखरीत लाकडावरच धरतो. प्लास्टिक किंवा तेलरंगावर तो लावू नये, पापुद्रे निघतात.

जमीन उघड्या पाइनच्या फळ्यांची असेल तर भाग्यच. तिला पॉलिश लावण्याचा मोह टाळावा आणि सोपा लावून घासावी. रीत अशी: आधी झाडून घ्यावे, एका वेळी दोन-तीन फळ्यांचा भाग पाण्याने ओला करावा, साबण टाकून ब्रशने फळीच्या रेषांच्या दिशेने घासावे, मळके पाणी लगेच फडक्याने टिपावे, स्वच्छ पाण्याने पुसावे आणि मग पुढे सरकावे. दारापासून लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करावी. मी दारापासून सुरुवात केली आणि तासभर खिडकीच्या कट्ट्यावर बसून राहिले. काही वर्षांत अशी जमीन रेशमासारखी करडी-पांढरी होते.

## ५. कापडचोपड

त्रासमात्ता म्हणजे जुने शर्ट, चादरी, परकर यांच्या पट्ट्या फाडून सुती ताण्यावर विणलेली लांब पट्टी. रुंदी मागाएवढी, म्हणजे साधारण ६० ते ८० सेंटिमीटर, आणि लांबी हवी तेवढी. आपली गोधडी जुन्या लुगड्यांचे थर टाके घालून एकत्र बांधते, त्रासमात्ता त्याच जुन्यापान्याला विणून काढते. दोघींत घरातल्या माणसांचे कपडे ओळखू येतात. एक मोठा गालिचा घेण्यापेक्षा अशा दोन-तीन पट्ट्या शेजारी शेजारी टाकाव्यात आणि खाली न घसरणारी जाळी घालावी. नव्या पट्टीपेक्षा जुनी चांगली. घेताना ती उलटून ताणा तुटला आहे का ते पाहावे. चिंधी झिजली तर चालते, ताणा गेला तर पट्टी गेली.

उन्हाळ्यात या पट्ट्या बाहेर ब्रशने घासून धुतात, पण साबणाचे पाणी सरोवरात सोडू नये. हिवाळ्याची रीत मला अधिक आवडते: कोरड्या, भुसभुशीत बर्फावर पट्टी पालथी घालायची, काठीने झोडपायची आणि उचलायची. खाली धुळीचा करडा चौकोन उमटतो.

लोकर हवीच, आणि इथे आमच्या घोंगडीला मानाचे स्थान मिळाले. अंगावर घ्यायला ती राठ असली तरी स्वयंपाकघरातल्या लाकडी बाकावर तिच्यासारखे दुसरे आसन नाही. मात्र बंद घरात लोकरीला कसर लागते. थंडी –१५ अंशांच्या खाली गेली की आठवडाभर सर्व लोकरी वस्तू बाहेरच्या लाकडाच्या कोठीत टांगाव्यात, किंवा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात.

## ६. सामान कुठून आणावे

थोडक्यात: जुने आणावे. उन्हाळ्यात गावोगाव जुन्या वस्तूंचे बाजार भरतात, त्यांना ‘लॉप्पिस’ म्हणतात. शिवाय धर्मादाय संस्थांची दुकाने आहेत आणि ब्लॉकेट, त्रादेरा यांसारख्या ठिकाणी जाहिराती व लिलाव असतात. पहिल्या वर्षी फक्त तीन गोष्टी शोधाव्यात: आत कप्पा असलेला लाकडी बाक, जो ओढला की पलंग होतो; ओरखडे आणि ठोकरा सोसणारे जेवणाचे टेबल; आणि दाराशी ओले कपडे टांगायची खुंट्यांची फळी. गादी किंवा कापसाने भरलेले फर्निचर जुने घेताना शिवणींत ढेकूण आहेत का ते टॉर्चने पाहावे. पैसे वस्तू पाहिल्यावरच द्यावेत. छायाचित्र पाहून आगाऊ रक्कम पाठवण्याची किंमत मी एका दिव्यासाठी ४०० क्रोनर मोजली आहे.

## ७. वर्षाची सजावट: तारखा पाळा

इथल्या सजावटीचे मर्म हे की प्रत्येक वस्तू लावण्याचा दिवस ठरलेला असतो आणि काढण्याचाही. गुढी जशी संध्याकाळी उतरवतात, तसेच. चार खोकी करावीत, प्रत्येकावर ऋतूचे नाव घालावे आणि एका वेळी एकच उघडावे. लहान घरात वर्षभराची आरास एकदम मांडली, तर ते दुकान दिसते.

दिवाळी आणि नोव्हेंबर. आपली दिवाळी येते तेव्हाच इथला अंधार सुरू होतो, त्यामुळे पणत्यांना असा साजेसा काळ दुसरा नाही. पण एक सापळा आहे, आणि मी त्यात पुरती अडकले. ऑक्टोबरअखेर दुकानांत दारातच स्वस्त, झाकणाच्या, दोन-दोन दिवस जळणाऱ्या मेणबत्त्यांचे ढीग लागतात. पावसावाऱ्यात टिकतील म्हणून मी बारा घेतल्या आणि लक्ष्मीपूजनाला अंगणातल्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी मांडल्या. शेजारच्या आजी फाटकाशी थबकल्या आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “कोण गेले?” त्या मेणबत्त्या कबरींवर लावायच्या असतात, ३१ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर यांमध्ये येणाऱ्या शनिवारी इथे पितरांचे स्मरण करतात आणि दफनभूमी दिव्यांनी उजळून निघते. दारात लावायची ती ‘मार्शाल’: पत्र्याच्या उघड्या डबीतली मोठी ज्योत, जिचा अर्थ आत पाहुण्यांचे स्वागत आहे असा होतो. ती दगडावर ठेवावी, लाकडी पायरीवर नाही, आणि तिच्यावर पाणी ओतून कधीही विझवू नये. तापलेले मेण भडकते. रांगोळी बाहेर पावसात टिकत नाही, म्हणून पाटावर काढून आत दाराशी ठेवावी.

आगमनाचे चार रविवार. नाताळपूर्वीच्या चार रविवारांपैकी पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान येतो. त्या दिवशी गावातल्या जवळजवळ प्रत्येक खिडकीत कागदी चांदणी आणि सात दिव्यांची विजेची त्रिकोणी समई दिसते. ही चांदणी मूळ जर्मनीतल्या हेर्नहूट गावची. आमचा आकाशकंदील तोवर उतरवलेला नसेल, तर लोक तो चांदणीच समजतात. शेजारच्या आजींनी ‘यंदा तुम्ही फार लवकर लावली’ असा शेरा मारला होता. टेबलावर चार मेणबत्त्यांची बैठक असते आणि दर रविवारी एक वाढवत जातात. तिच्याभोवती वाळलेले शेवाळ घालण्याची पद्धत सुंदर आहे आणि तितकीच धोक्याची, कारण ते सुक्या गवतासारखे पेटते; मेणबत्ती खोल धातूच्या वाटीत बसवावी किंवा शेवाळाऐवजी खडे घालावेत. १ डिसेंबर हा धुराचे अलार्म तपासण्याचा देशव्यापी दिवस आहे, तेवढे बटण दाबून पाहावे.

नाताळ. झाड परंपरेने २३ डिसेंबरला आत आणतात. बुंधा नव्याने कापून घ्यावा, बैठकीत रोज पाणी घालावे आणि चुलीपासून दूर ठेवावे. गवताचा बोकड, हायसिंथची कुंडी, लाल सफरचंदे: एवढे पुरे. १३ जानेवारीला, नाताळाची सांगता करणाऱ्या क्नूतच्या दिवशी, झाड बाहेर जाते आणि खोके बंद होते. खिडकीतले साधे दिवे मात्र फेब्रुवारीअखेरपर्यंत ठेवावेत, कारण खरी निकड तेव्हा असते.

ईस्टर. बर्चच्या डहाळ्या पाण्यात ठेवून त्यांना रंगीत पिसे बांधतात. घराच्या उबेत आठवड्या-दोन आठवड्यांत कोवळी पाने फुटतात आणि ती पिसांपेक्षा देखणी असतात. डहाळ्या बाजारातून घ्याव्यात. जंगलात सर्वांना मुक्त फिरण्याचा, बोरे आणि फुले वेचण्याचा हक्क आहे, पण जिवंत झाडाची फांदी किंवा साल जमीनमालकाला विचारल्याशिवाय काढता येत नाही. पडलेल्या काटक्या आणि शंकू खुशाल उचलावेत. रानफुलांतल्या सर्व ऑर्किड संरक्षित आहेत. त्यांना हात लावू नये.

मध्यउन्हाळा आणि ऑगस्ट. १९५३ पासून मध्यउन्हाळ्याची पूर्वसंध्या १९ ते २५ जूनदरम्यानच्या शुक्रवारी येते. दाराला बर्चच्या पानेदार डहाळ्या बांधतात, टेबलावर रानफुले ठेवतात. आपल्या तोरणाची आठवण होते, आणि आमच्याकडे त्या दिवशी खणाचे तोरणही त्यांच्याच शेजारी बांधलेले असते. या ऋतूत घर जितके रिकामे ठेवता येईल तितके ठेवावे: लोकर आत, पट्ट्या धुवायला बाहेर, आतली तावदाने कोठीत. ऑगस्टात अंगणात हसऱ्या चंद्राचे कागदी कंदील टांगतात.

## ८. हिवाळ्यासाठी घर बंद करताना

कायम राहत नसाल, तर पाणी गोठण्याआधी, साधारण ऑक्टोबरात, पाणी बंद करून नळ्या पूर्ण रिकाम्या कराव्यात. अनेक विमाकरारांत ही अटच असते. बेसिनखालच्या वाकड्या नळीतले पाणी विसरू नये, तीच फुटते. गाद्या भिंतीपासून दूर उभ्या कराव्यात, आतली दारे आणि फ्रिजचे दार उघडे ठेवावे. धान्य, मेणबत्त्या आणि साबण पत्र्याच्या डब्यांत भरावेत. उंदीर मेणबत्त्याही खातात, हे मला ठाऊक नव्हते. कोणता नळ कुठे बंद केला, कोणता फ्यूज काढला, हे कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावे, कारण एप्रिलपर्यंत ते कुणाच्याही लक्षात राहत नाही.

आम्ही मुख्य वीज बंद करत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतला एलईडीचा छोटा दिवा टायमरवर दुपारी तीन ते रात्री दहा चालू असतो. ही सूचना शेजारच्या आजींची: रस्त्याने परतताना त्यांना सोबत वाटते, आणि एखाद्या संध्याकाळी दिवा दिसला नाही की त्या फोन करून आमच्याकडची वीज गेल्याचे कळवतात.